थंड इंजिनवर गळती पकडणारा हातपंप: कूलिंग प्रेशर टेस्टर किटचा आढावा

कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आठवड्याला कपभर कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही. मग अंदाजाने सुटे भाग बदलणं सुरू होतं: आधी रेडिएटरचं झाकण, मग थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), मग वॉटर पंप. पातळी तरी उतरतच राहते. कारण साधं आहे. गळती होते ती इंजिन तापलेलं आणि सिस्टिम दाबाखाली असताना. तेव्हा फॅन आणि बेल्ट फिरत असतात, एक्झॉस्टजवळ हात नेता येत नाही, आणि निसटलेला थेंब जमिनीवर पडायच्या आधीच वाळून जातो. गाडी थंड झाली की दाब उतरतो आणि फट मिटते. निवांत शोधायला मिळतं तेव्हा गळती बंद असते.

हातपंपाचा प्रेशर टेस्टर नेमकी हीच अडचण सोडवतो. बंद आणि थंड इंजिनात तो बाहेरून दाब भरतो, म्हणजे सिस्टिमला वाटतं आपण पूर्ण तापलो आहोत आणि बघणाऱ्याला मात्र कुठेही हात घालता येतो. कूलिंगच्या कामात एकही भाग विकत घेण्याआधी हे अवजार लावावं, असं आमचं ठाम मत आहे. पण किटकिटांत बराच फरक असतो, आणि गेजच्या काट्याचा अर्थ चुकीचा लावला तर चांगलं किटही नको तो भाग बदलायला लावतं. म्हणून इथे किटचे गुणदोष आणि त्याचं रीडिंग दोन्ही एकत्रच पाहू. कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण एकाच साच्यातले किट वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. काय तपासून घ्यायचं ते कळलं की नावाची गरज उरत नाही.

पेटीत काय असतं

प्लास्टिकच्या पेटीत एक हातपंप, त्यावर दाब दाखवणारा गेज, दाब सोडायचं बटण किंवा व्हॉल्व्ह, लवचिक होज, तिच्या टोकाला क्विक कपलर (झटकन जोडता-सोडता येणारा सांधा), आणि वेगवेगळ्या झाकणांच्या जागी बसणारे दहा-वीस अडॅप्टर. शिवाय रेडिएटरचं झाकण तपासायचा एक वेगळा अडॅप्टर असतो. मोठ्या किटमध्ये व्हॅक्युमने कुलंट भरायचं साहित्यही येतं.

आधी गेज बघा. छोट्या गाड्यांची झाकणं साधारण ०.९ ते १.१ बारची (बार हे दाबाचं एकक) असतात, बऱ्याच युरोपियन गाड्यांच्या एक्स्पान्शन टाकीची १.४ ते १.५ बारची, आणि काहींची २ बारपर्यंत. म्हणजे २.५ बारपर्यंतचा गेज पुरेसा आहे. काही किटमध्ये ७ बारचा गेज बसवलेला असतो. दिसायला तो जास्त ताकदीचा वाटतो, पण त्यावर सगळं काम पहिल्या दोन-चार रेघांतच उरकतं. ०.०५ बारची घट त्यावर दिसतच नाही, आणि बारीक गळतीत तेवढीच घट महत्त्वाची असते. मोठी चकती, छोटी श्रेणी आणि ०.०५ बारच्या रेघा असलेला गेज घ्या.

अडॅप्टरची संख्या मोजून किट निवडू नका. आपल्या गाडीच्या तोंडावर बसणारा एक अडॅप्टर हवा, बाकी पेटीतच पडून राहतात. प्लास्टिकचे अडॅप्टर चालतात, पण त्यांचे आटे लवकर बोथट होतात आणि एकदा तिरके बसले की टाकीचे आटेही खराब करतात. टाकी प्लास्टिकची असल्यामुळे नुकसान तिचंच जास्त होतं. धातूचे अडॅप्टर टिकतात, मात्र ते आधी हाताने उलट फिरवून आटा जागेवर बसल्याचा ‘टक्’ जाणवला की मगच आवळावेत. गॅरेजमध्ये रोज वापरायचं असेल तर धातूचेच घ्या.

काही किटमध्ये स्क्रूने फुगणारं एक रबरी बूच असतं, जे कुठल्याही तोंडावर बसतं असं सांगितलं जातं. अडीअडचणीला ते ठीक आहे, पण दाब १ बारच्या पुढे गेला की ते हळूहळू वर सरकतं आणि कधी उडूनही जातं. चेहरा त्याच्या सरळ वर ठेवून काम करू नका. १.४ बारच्या सिस्टिमला ते लावूच नये.

रेडिएटरच्या जुन्या पद्धतीच्या तोंडाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण खोटं निदान बहुतेकदा इथेच होतं. त्या तोंडात झाकण बसायच्या दोन जागा असतात. वरची कडा बाहेरून दिसते. खाली, साधारण बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर, दुसरी बैठक असते. दाब अडवायचं काम तिचं. दोन्हींच्या मध्ये एक बारीक तोटी निघते, तिला लावलेला पातळ पाइप राखीव बाटलीकडे जातो. अडॅप्टरचं रबर खालच्या बैठकीवर टेकलं नाही आणि फक्त वरच्या कडेवर घट्ट झालं, तर भरलेली हवा त्या तोटीतून बाटलीकडे निघून जाते. काटा भराभर पडतो, इंजिनात मात्र कुठेच ओल दिसत नाही. राखीव बाटलीत बुडबुडे येत असतील तर दोष गाडीत नाही, अडॅप्टर आखूड आहे. चांगल्या किटमध्ये आखूड आणि खोल असे दोन्ही अडॅप्टर असतात.

हेही लक्षात ठेवा: अशा गाडीतली राखीव बाटली दाबाखाली नसते. तिला तडा असेल तर ही चाचणी तो दाखवणार नाही. बाटली काढून, पाण्याने भरून वेगळी बघावी लागते. ज्या गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नाही आणि दाबाचं झाकण एक्स्पान्शन टाकीवर आहे, तिथे टाकीही चाचणीत आपोआप येते.

आधी टेस्टरचीच परीक्षा

किटचा सगळ्यात कच्चा दुवा क्विक कपलर आहे. आतली ओ-रिंग चिरली किंवा कोरडी पडली की कपलर स्वतःच गळतो आणि दोष गाडीच्या माथी मारला जातो. म्हणून झाकण तपासायच्या अडॅप्टरला एक नवं, खात्रीचं झाकण लावा, झाकणाच्या आकड्यापेक्षा थोडा कमी, म्हणजे १.१ च्या झाकणाला ०.८ बार दाब भरा आणि पाच मिनिटं थांबा. काटा जागचा हलता कामा नये. हलला तर कपलर आणि होजच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघा.

ओ-रिंग ईपीडीएम रबरच्या असतील तर त्यांना साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर कुलंटचाच थेंब पुरतो.

दाब भरताना

इंजिन पूर्ण थंड हवं. वरच्या होज पाइपला हात लावून गार लागला पाहिजे. गरम सिस्टिमचं झाकण उघडण्याचा प्रश्नच येत नाही: दाब सुटताक्षणी आतलं कुलंट उकळून अंगावर येतं. पण थंड इंजिन हवं याचं दुसरंही कारण आहे, आणि ते काट्याशी जोडलेलं आहे. सिस्टिमच्या वरच्या भागात अडकलेली हवा ६० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर आली, तर १.१ बारवर ठेवलेला काटा गळती नसतानाही ०.१ बारपेक्षा जास्त खाली येतो. कोमट इंजिनवर केलेली चाचणी म्हणूनच फसवी असते.

पुढचं काम पातळी भरण्याचं. हे बरेच जण टाळतात. सिस्टिममध्ये हवा जितकी जास्त, तितका काटा आळशी. समजा वर अर्धा लिटर हवा आहे आणि दाब १ बार आहे. १० मिलिलिटर कुलंट बाहेर गेलं तर काटा साधारण ०.०४ बार पडेल, म्हणजे नीट पाहिलं तर दिसेल. हवा दोन लिटर असेल तर त्याच गळतीला काटा ०.०१ बारच पडेल, म्हणजे दिसणारच नाही. म्हणून कुलंट कमी असेल तर आधी योग्य पातळीपर्यंत भरा, मगच टेस्टर लावा. टाकी तोंडापर्यंत मात्र भरू नका, नाहीतर कुलंट होजमधून पंपात आणि गेजमध्ये चढतं.

दाब किती? झाकणावर लिहिलेला, त्याहून जास्त नाही. आकडा १.१ असेल तर तो बार किंवा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतो, १०८ असेल तर किलोपास्कलमध्ये, १६ असेल तर पीएसआयमध्ये. तिन्ही जवळपास एकच दाब सांगतात. ‘थोडा जास्त दिला तर गळती लवकर दिसेल’ हा विचार महागात पडतो. जुन्या रेडिएटरची प्लास्टिक टाकी आणि डॅशबोर्डच्या आतला हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) ठरलेल्या दाबासाठीच बनवलेले असतात. चाचणीत फुटलेला हीटर कोअर बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

दाब भरल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत काटा किंचित उतरतो. रबरी होज ताणले जातात म्हणून. पुन्हा पंप मारून आकड्यावर आणा आणि घड्याळ तिथून सुरू करा. पंधरा मिनिटं द्या. काटा स्थिर राहिला तर निदान बाहेरची मोठी गळती नाही. ०.१ बार उतरला तर शोध सुरू. हीटरला पाण्याचा व्हॉल्व्ह असलेली गाडी असेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटर कोअर चाचणीच्या बाहेरच राहतो.

कुठे बघायचं

सुरुवात वॉटर पंपापासून करा. पंपाच्या बॉडीला शाफ्टच्या खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कुलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भोकाखाली वाळलेली रेघ दिसते: गुलाबी, हिरवट किंवा पांढुरकी, आणि बोटाने घासली तर मिठासारखी खरखरीत. नुसता डाग असेल तर पंपाला लगेच दोषी ठरवू नका. नवीन सील बसताना थोडा पाझर होऊ शकतो. दाबाखाली तिथे ताजा थेंब जमला तर मात्र पंप गेला. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप कव्हरच्या आत असतो. तिथे कव्हरच्या खालच्या कडेवर ओल शोधा, आणि सापडली तर पंपाबरोबर बेल्टही बदला. कुलंटने भिजलेला बेल्ट पुन्हा बसवणं शहाणपणाचं नाही.

मग थर्मोस्टॅटचं हाउसिंग. प्लास्टिकचं असेल तर सांध्याच्या शिवणीवर केसाएवढी चीर पडते, तीही बहुतेकदा खालच्या बाजूला, जिथे आरशाशिवाय दिसत नाही. त्यानंतर रेडिएटर: ॲल्युमिनियमच्या गाभ्याला प्लास्टिकची टाकी पत्र्याची कडा मुडपून बसवलेली असते, आत रबरी सील असतं. रबर कडक झालं की त्या मुडपीतून पाझर सुरू होतो. दाब भरल्यावर टॉर्च तिरका धरा. कडेच्या एखाद्या दाताखाली चकाकणारा थेंब फुगत जातो, ओघळतो आणि दुसरा फुगू लागतो. धावत्या गाडीत वारा हाच थेंब मागे नेतो आणि डाग हातभर लांब दिसतो. म्हणून डाग हा पुरावा धरू नका, थेंब जिथे जन्मतो ती जागा शोधा.

होजच्या टोकांपाशी क्लिपच्या मागे बघा. गळती थंडीतच होते आणि गरम झाल्यावर थांबते अशीही एक तऱ्हा आहे: स्क्रूची क्लिप रबर आकसल्यावर ढिली पडते. मूळ कंपनीने दिलेली स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर आकसते आणि फुगते, म्हणून ती फेकून स्क्रूची लावण्याची घाई नको. प्लास्टिकच्या तोटीवर स्क्रूची क्लिप जास्त आवळली तर तोटीच चिरते.

मागे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळचे हीटरचे पाइप, ब्लॉकमधले कोअर प्लग (ओतकामाची भोकं बुजवणाऱ्या चकत्या), थ्रॉटल बॉडीला जाणारे बारीक होज, टर्बोच्या कुलंट लाइन, डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत नेला जाणारा एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग). यांतल्या प्रत्येकाला मिनिटभर तरी द्या. केबिनमध्ये समोरच्या सीटपुढचा गालिचा दाबून बघा. काचेवर तेलकट धुकं आणि गोडसर वास असेल तर हीटर कोअर जवळजवळ नक्की.

काटा पडतो, ओल कुठेच नाही

इथे टेस्टरची खरी किंमत कळते. बाहेर काही नाही म्हणजे कुलंट आत जातंय: सिलेंडरमध्ये, ऑइलमध्ये, ईजीआर कूलरमधून एक्झॉस्टमध्ये, नाहीतर ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून गिअर ऑइलमध्ये.

सिलेंडर तपासायचा तर दाब भरलेलाच ठेवून काही तास थांबा, रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. मग सगळे प्लग काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग, इंधन आणि ठिणगी बंद करा आणि सेल्फ मारा. ज्या भोकातून कुलंटचा फवारा येतो तो सिलेंडर. प्लग न काढता सेल्फ कधीही मारू नका. पाणी दबत नाही; सिलेंडरमध्ये ते भरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बोअर कॅमेरा असेल तर पिस्टनचे माथेही बघा. इतरांवर काळा थर आणि एकच धुतल्यासारखा लख्ख, तर वाफ तिथेच होतेय.

ऑइलच्या पट्टीवर कॉफीच्या दुधासारखा फेस दिसला तर घाबरून हेड उघडण्याआधी थांबा. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नसेल तर ऑइलच्या झाकणाखाली असा फेस नुसत्या दमटपणानेही धरतो. खाली ऑइल पॅनमध्ये पाणी आहे का ते पाहा: गाडी रात्रभर उभी ठेवा, ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा, आधी पाणी आलं तर कुलंट खरंच मिसळतंय. उलट कुलंटच्या टाकीत ऑइल तरंगत असेल तर बऱ्याचदा ऑइल कूलर दोषी असतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कुलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून ऑइल कुलंटमध्ये शिरतं. बंद केल्यावर कुलंटचा उरलेला दाब उलट वाट धरतो.

आता या अवजाराची सगळ्यात मोठी मर्यादा, जी किटच्या माहितीपत्रकात क्वचितच सापडते. काटा पंधरा मिनिटं हलला नाही म्हणजे हेड गॅस्केट (सिलेंडर हेड आणि ब्लॉकमधलं सील) चांगलं आहे असं अजिबात नाही. आपण बाहेरून १ बार देतो. जळणाचा दाब पेट्रोल इंजिनातही दहापट नव्हे, त्याहून कितीतरी जास्त असतो. गॅस्केटमधली एखादी बारीक वाट तेवढ्या दाबालाच उघडते आणि वायूला कुलंटमध्ये जाऊ देते, पण थंडीत १ बारला घट्ट मिटलेली राहते. अशी गाडी स्थिर चाचणी आरामात पास होते आणि चढावर गरम होते.

त्यासाठी टेस्टर लावलेलाच ठेवून, दाब शून्यावर आणून, थंड इंजिन चालू करा. चांगल्या इंजिनात काटा कुलंट तापेल तसा हळूहळू चढतो. मिनिटभरातच तो झपाट्याने वर गेला किंवा आयडलवर थरथरायला लागला तर वायू शिरतोय. झाकणाच्या आकड्यापर्यंत काटा पोचायच्या आत इंजिन बंद करा आणि दाब सोडा. आता सिस्टिमला झाकणाचं संरक्षण नाही.

खात्री करायची तर निळ्या द्रावाचा ब्लॉक टेस्टर वापरा. तो वेगळा घ्यावा लागतो, पण या किटची खरी जोडी तोच आहे. पारदर्शक नळीत द्राव भरतात, ती टाकीच्या तोंडावर घट्ट धरतात, आणि इंजिन पूर्ण तापलेलं, चालू असताना रबरी फुग्याने टाकीतली हवा द्रावातून एक-दोन मिनिटं ओढतात. झाकण थंड असतानाच काढून ठेवा. कुलंटची पातळी आधी काही सेंटिमीटर खाली आणा. कुलंट नळीत चढलं तर द्राव वाया गेला. कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत निळा द्राव पिवळा होतो, डिझेलमध्ये तो हिरव्याकडे झुकतो. द्राव शाबूत आहे का हे कळायला थोडा वेगळा काढून त्यात नळीने फुंकर मारा. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने तोही पिवळा पडायला हवा. एक्झॉस्टचा धूर भरलेल्या बंद जागेत ही चाचणी करू नका, रंग हवेनेच बदलेल.

झाकणाची चाचणी

किटमधला हा छोटा अडॅप्टर बहुतेकांच्या पेटीत कधी उघडलाच जात नाही, आणि ते वाईट आहे. झाकण हा सिस्टिमचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. मोकळ्या हवेत समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं, १ बार दाबाखाली १२० वर. ग्लायकॉल आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण त्याहूनही वर जातं. स्प्रिंग थकून झाकण ०.५ बारलाच उघडू लागलं, तर बाकी सगळं धडधाकट असूनही चढावर कुलंट उकळून बाटलीतून बाहेर येतं.

झाकणाचं रबर ओलं करा, अडॅप्टरवर बसवा, हळूहळू पंप मारा आणि काटा कुठे अडून सुटतो ते बघा. १.१ लिहिलेल्या झाकणासाठी अनेक जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये नवं झाकण ०.९५ ते १.२५ च्या दरम्यान उघडावं असं दिलेलं असतं, आणि ०.८ च्या खाली उघडलं तर बदला. मधोमध असलेली छोटी व्हॅक्युमची चकतीही बोटाने उचलून बघा. ती चिकटली तर गाडी थंड होताना बाटलीतलं कुलंट परत येत नाही आणि वरचा होज पाइप चपटा होतो. अशा वेळी होज बदलून काही उपयोग नाही, दोष झाकणात आहे.

जे हे किट सांगू शकत नाही

कुलंट कमी होत नाही पण डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर जातो, तर टेस्टर बाजूला ठेवा. ट्रॅफिकमध्ये गरम आणि वेगात थंड: फॅन, त्याचा रिले, फ्यूज किंवा मोटर. वेगात आणि चढावर गरम: रेडिएटर आतून किंवा बाहेरून बुजलेला, नाहीतर पंपाची पाती झिजलेली. सुरू केल्यावर लगेच गरम आणि खालचा होज गार: थर्मोस्टॅट बंद अडकलेला किंवा हवा धरलेली. इंजिन तापायलाच वेळ लागतो आणि पी०१२८ (कुलंट पुरेसं तापत नसल्याचा) कोड येतो: बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला.

थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, त्यात तो दोऱ्याने टांगलेला, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलेलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास हलायला लागावा आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडावा. तो कायमचा काढून टाकणं हा उपाय नव्हे: इंजिन थंडच चालतं, इंधन जास्त लागतं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहिल्याने रेडिएटरकडे उलट कमी कुलंट जातं.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखू नका, तो खूप कमी आकडा दाखवतो. काळी टेप चिकटवा किंवा रबरी होजवर मोजा.

दुरुस्तीनंतर

मोठ्या किटमधलं व्हॅक्युमने भरायचं साहित्य कॉम्प्रेसर असेल तरच घ्या. ते सिस्टिममधली हवा उणे ०.८ बारच्या आसपास ओढतं. होज पापडासारखे चपटे होतात, ते साहजिक आहे. काटा काही मिनिटं स्थिर राहिला तर व्हॉल्व्ह फिरवायचा आणि कुलंट आपोआप आत ओढलं जातं, हवा धरत नाही. हीटरचे पाइप उंचावर असलेल्या गाड्यांत याचा फायदा मोठा. कॉम्प्रेसर नसेल तर उंच नरसाळं, हीटर गरमवर, हवा काढायचा स्क्रू उघडा, आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत धीर.

कुलंट रंगावरून निवडू नका. एकाच रंगात वेगवेगळ्या जातीची रसायनं येतात आणि चुकीची मिसळली तर गाळ धरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली जात घ्या, पाणी डिमिनरलाइज्ड वापरा. गळती बुजवायची पावडर किंवा द्रव टाकायचा मोह टाळा. तो हीटर कोअरच्या अरुंद नळ्याही बुजवतो, आणि पुढच्या वेळी टेस्टर लावला तर अर्धवट बुजलेली गळती पकडायला दुप्पट वेळ जातो.

भाग बदलल्यावर हीच चाचणी पुन्हा करा, त्याच दाबाला, तेवढीच पंधरा मिनिटं. मग गाडी पूर्ण तापवून, थंड करून पातळी बघा. अडकलेली हवा निघाल्याने ती थोडी उतरते, तेवढी भरून दोन-तीन दिवस खूण करून लक्ष ठेवा.

कोणी कोणतं घ्यावं

एकच गाडी असेल तर चांगला गेज असलेला साधा पंप आणि आपल्या गाडीच्या तोंडाचा एक अडॅप्टर पुरे. वीस अडॅप्टरच्या पेटीपेक्षा तो जोड जास्त उपयोगी. गॅरेजला धातूचे अडॅप्टर, लांब होज आणि सुट्या मिळणाऱ्या ओ-रिंग हव्यात. ओ-रिंग वेगळ्या मिळत नसतील तर ते किट वर्षा-दोन वर्षांत निकामी होईल असं समजूनच घ्या.

काम झालं की आधी व्हॉल्व्ह दाबून काटा शून्यावर आणा, मगच अडॅप्टर फिरवा. अडॅप्टर, कपलर आणि होज साध्या पाण्यात धुवा, पंप चार-पाच वेळा मोकळा मारा. आत राहिलेलं ग्लायकॉल वाळून चिकट होतं आणि दाब सोडायचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकवतं. पुढच्या गाडीवर तीच ‘गळती’ दिसते. पेटी बंद करण्याआधी गेजचा काटा शून्यावर टेकलाय का बघा. टेकला नसेल तर गेज धक्क्याने सरकलं आहे, आणि ते बदलेपर्यंत प्रत्येक रीडिंग तेवढंच चुकेल.